लांब पँट, हाफ पँट: मंडेलांच्या मागे मागे दक्षिण आफ्रिका

शनिवार, जोहान्सबर्ग

लोक दक्षिण आफ्रिकेला जातात ते सिंह बघायला. आमच्या अप्पांनी व्हिसा हातात पडायच्या आधीच सांगून टाकलं होतं की सिंह कात्रजलापण बघता येतो, मला मंडेला बघायचाय. म्हणजे तो राहिला कुठे, पकडला कुठे, कोंडला कुठे, ते सगळं. अप्पा तहसील कचेरीतून रिटायर झालेले, सगळी नोकरी दाखले, उतारे, नोंदवह्या आणि दर निवडणुकीला ड्यूटी यात गेली. नव्वद सालच्या फेब्रुवारीत दूरदर्शनच्या बातम्यांत मंडेला मूठ वर करून चालत बाहेर आले ते त्यांच्या डोक्यात फिट्ट बसलंय. त्याच वर्षी मंडेलांना भारतरत्न दिलं, तेव्हा कचेरीत पेढे वाटले म्हणे, खरंखोटं अप्पांनाच माहीत.

आदिस अबाबामार्गे पोचलो. माझा चुलतभाऊ (आम्ही दादाच म्हणतो) बरीच वर्षं इथे आहे, तो घ्यायला आला होता. मे महिना म्हणजे आपल्याकडे जीव जातो उकाड्याने आणि इथे थंडी, ऊन कोरडं आणि हवा एकदम लख्ख. वहिनीने वरणभात केला होता, जेवलो आणि ताणून दिली.

रविवार, अपार्थाइड म्युझियम

अपार्थाइड म्हणजे इथला सरकारी वंशभेद, त्याचं हे म्युझियम. इथे आत शिरतानाच गंमत आहे, गंमत म्हणावी का ते माहीत नाही. तिकीट काढलं की त्यावर ‘व्हाइट’ नाहीतर ‘नॉन-व्हाइट’ असं असतं, कुणाला काय मिळेल याला काही नियम नाही, आणि दोघांची दारं वेगळी. दादाला आणि मला गोऱ्यांचं दार मिळालं, अप्पांना दुसरं. मधे जाळी. जाळीपलीकडून अप्पा चालत होते आणि आमच्याकडे बघत होते, दादा म्हणाला, काका, थोडंच अंतर आहे, पुढे भेटूच. अप्पा काही बोलले नाहीत.

त्या पॅसेजमधे ओळखपत्रं मोठी करून लावलीत आणि अप्पा तिथेच अडकले. कारण हे त्यांचं खातं! १९४८ ला गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि १९५० ला लोकसंख्या नोंदणी कायदा आला, प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणे नोंद. गोरा, नेटिव्ह म्हणजे काळा, कलर्ड म्हणजे मिश्र, आणि आपले लोक आधी कलर्डमधलाच एक पोटविभाग, मग वेगळा कप्पा. नोंद पटत नसेल तर बोर्डापुढे जायचं. केसात पेन्सिल खुपसून बघायचे, पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या कप्प्यात गेलीत असं झालंय. मग त्याच वर्षीचा ग्रुप एरियाज कायदा, कुणी कुठल्या भागात राहायचं ते ठरवणारा, १९५३ चा बाकडी, संडास, बीच, पोस्टाच्या रांगा वेगळ्या करणारा, आणि त्याच वर्षीचा काळ्यांचं शिक्षण मुद्दाम खालच्या दर्जाचं ठेवणारा.

अप्पा बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘अगं, मी जन्मभर जातीचे दाखले लिहिले. पोरांना फी माफ व्हावी, हॉस्टेल मिळावं म्हणून. कागद तोच गं, शिक्काही तसाच. हे सगळं कुणीतरी बसून टाइप केलं असणार, कार्बन घालून, तीन प्रतींत.’’ मला हे जाम लागलं. आपण वंशभेद म्हटलं की चाबूक आणि कुत्री डोळ्यापुढे आणतो, तेही होतंच, पण रोजचं काम कारकून करत होते, नऊ ते पाच, चहा पिऊन.

म्युझियम मोठं आहे, अर्धा दिवस कमी पडतो. फाशी दिलेल्यांची आठवण म्हणून छतापासून दोर लटकवलेत तिथे मी थांबलेच नाही. मंडेलांसाठी वेगळा भाग आहे, तो मात्र पूर्ण बघितला.

सोमवार, सोवेटो

सोवेटो म्हणजे जोबर्गच्या (जोहान्सबर्गला इथे असंच म्हणतात) नैर्ऋत्येला काळ्यांसाठी वसवलेल्या वस्त्या. शहरात कामाला या, संध्याकाळी परत जा, असा हिशोब. कामाला येताना पास हवा, त्यात मालकाची सही हवी, तो नसला की जेल.

विलाकाझी स्ट्रीटवर ८११५ नंबरचं लाल विटांचं बुटकं घर, १९४६ पासून मंडेलांचं. आर्चबिशप डेस्मंड टुटूंचं घरपण त्याच रस्त्यावर, एका गल्लीत दोन नोबेलवाले. घर इतकं लहान आहे की आमच्यासारखे आठ-दहा जण आत गेले की गाइडला बाहेर उभं राहावं लागतं. भिंतीला गोळ्यांच्या खुणा आहेत. मंडेला आत असताना विनी मंडेला आणि दोन लहान मुली इथे राहायच्या आणि पोलीस कधीही दार ठोठवायचे.

मंडेला १९४१ मधे जोबर्गला पळून आले ते लग्न टाळायला हे कितीजणांना माहिती असेल? जन्म १८ जुलै १९१८ चा, म्वेझो नावाच्या खेड्यातला, थेंबू राजघराण्याच्या शाखेतला. वडील लवकर गेले, राजप्रतिनिधी जोंगिन्ताबांनी सांभाळलं, आणि मग एक दिवस स्वतःच्या मुलाचं आणि याचं लग्न परस्पर ठरवून टाकलं. दोघं पोरं बैल विकून पैसे करून पळाली! अप्पांना ही गोष्ट भयंकर आवडली, दिवसभर मधूनच हसत होते.

त्याच रस्त्याजवळ हेक्टर पीटरसन स्मारक. १६ जून १९७६, शाळेत आफ्रिकान्स (गोऱ्या सत्ताधाऱ्यांची भाषा) सक्तीची केली म्हणून पोरं मोर्चा घेऊन निघाली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर लहानगा होता. दुसरा एक मुलगा त्याला दोन्ही हातांवर उचलून पळतोय, शेजारी बहीण रडत धावतेय, तो फोटो जगभर गेला. मंडेला तेव्हा रॉबेन आयलंडवर, म्हणजे केपटाउनजवळच्या बेटावरच्या जेलमधे, त्यांना हे नीट कळलं ते ह्याच पोरांपैकी काही अटक होऊन तिथे आली तेव्हा.

जेवायला पाप आणि चकालाका. पाप म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, चकालाका म्हणजे तिखट भाजी. अप्पांना आवडलं, वर मिरची मागून घेतली.

मंगळवार, जोबर्ग शहर आणि प्रिटोरिया

आज जास्त फिरलो आणि माझ्या मते ट्रिपमधला सगळ्यात कामाचा दिवस हाच, जरी फोटो कमी आलेत.

सकाळी चॅन्सलर हाउस. कोर्टासमोरच. १९५२ च्या ऑगस्टमधे मंडेला आणि ऑलिव्हर टांबोंनी इथे वकिलीचं ऑफिस उघडलं, काळ्या वकिलांची अशी फर्म दुसरी नव्हती. जिन्यात, व्हरांड्यात पक्षकारांची रांग लागायची. कुणी गोऱ्यांच्या दारातून गेला म्हणून गुन्हा, कुणाकडे पास नाही म्हणून गुन्हा, कुणी जन्मापासून राहत होता ती जमीन गोऱ्यांची ठरली म्हणून गुन्हा. एक किस्सा त्यांनी स्वतः लिहिलाय. मोलकरणीवर मालकिणीचे कपडे चोरल्याचा आळ होता, मंडेलांनी मुद्देमालातली एक चड्डी पेन्सिलच्या टोकावर उचलून मालकिणीला भर कोर्टात विचारलं, ही तुमची? बाई लाजेने नाही म्हणाल्या, केस खल्लास. समोर मंडेलांचं बॉक्सिंगच्या पवित्र्यातलं पत्र्याचं मोठं शिल्प आहे. खरंच बॉक्सिंग करायचे ते.

ही बिल्डिंग भारतीयांची होती. शहरात काळ्यांना ऑफिस भाड्याने मिळेल अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली ही एक. तिथून जवळच मार्केट स्ट्रीटवर खोलवड हाउस, तिथला १३ नंबरचा फ्लॅट आधी इस्माइल मीर यांच्याकडे होता आणि मग अहमद कथराडांकडे. लॉ कॉलेजात असताना मंडेलांची सोवेटोची शेवटची गाडी चुकली की ते इथेच झोपायचे, बिर्याणी-करी खायचे. एकदा मीर, जे. एन. सिंग आणि अजून एक मित्र यांच्याबरोबर ट्रॅममधे चढले. भारतीयांना ट्रॅम चालायची, काळ्यांना नाही. कंडक्टरने भारतीय पोरांना सांगितलं की तुमच्या ह्या ‘काफिर’ (इथे काळ्यांना हिणवायची शिवी) मित्राला उतरवा. पोरं भडकली, म्हणाली तो शब्द पुन्हा वापरायचा नाही, आणि प्रकरण पोलिसात आणि कोर्टात गेलं. सुटले, कारण त्यांच्या बाजूने उभा राहिलेला गोरा वकील ब्रॅम फिशर हा मोठ्या जजचा मुलगा होता. हाच फिशर पुढे मंडेलांचा जीव वाचवायला रिव्होनिया खटल्यात (सरकार उलथवायच्या कटाचा, मंडेला आणि साथीदारांवरचा) उभा राहिला आणि नंतर स्वतः जन्मठेपेवर गेला.

दादा म्हणाला, ‘‘काका, आपले लोक मधल्या पायरीवर होते इथे. वरच्याने लाथ घालायची आणि खालच्याकडे बघून म्हणायचं की चला, तो तरी खाली आहे.’’ अप्पा म्हणाले, ‘‘ते काय मला शिकवतोस होय? आपल्या गावात पाणवठे किती होते विचार तुझ्या बापाला.’’

पण १९४६ साली भारतीयांच्या जमिनीवर निर्बंध घालणारा कायदा आला तेव्हा दोनेक हजार भारतीय सत्याग्रह करून जेलमधे गेले, विद्यार्थी, डॉक्टर, बायका सगळे. मंडेला तोपर्यंत जरा हट्टी आफ्रिकनवादी होते, बाकीच्यांबरोबर काम नको म्हणणारे. त्यांनी लिहून ठेवलंय की ह्या सत्याग्रहाने डोळे उघडले, नुसती भाषणं आणि ठराव करून काही होत नसतं. १९४७ ला आफ्रिकन नॅशनल काँग्रेस (मंडेलांचा पक्ष) आणि तिथल्या भारतीयांच्या काँग्रेसच्या तीन डॉक्टरांनी, झुमा, दादू आणि नायकर यांनी, एकत्र लढायचा करार केला. १९५२ च्या मोठ्या कायदेभंगात साडेआठ हजार लोक मुद्दाम चुकीच्या दारातून, चुकीच्या डब्यात शिरून जेलमधे गेले आणि त्याचे मुख्य स्वयंसेवक मंडेला.

दुपारी प्रिटोरिया. युनियन बिल्डिंग म्हणजे सरकारचं मुख्य ऑफिस, तिच्या उतारावर हात पसरलेला मंडेलांचा नऊ मीटरचा पुतळा, सगळे तिथेच सेल्फी काढतात. मला मात्र त्या वरच्या पायऱ्या बघायच्या होत्या. ९ ऑगस्ट १९५६ ला बायकांनाही पास लागू करणार म्हणून वीस हजार बायका इथे चालून आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. पुढे चौघी होत्या, लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स. एक काळी, एक गोरी, एक भारतीय, एक कलर्ड, सरकारने केलेल्या प्रत्येक कप्प्यातली एकेक! सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या दाराशी टाकले आणि अर्धा तास सगळ्याजणी गप्प उभ्या राहिल्या. अप्पा म्हणाले, वीस हजार बायका आणि अर्धा तास गप्प. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

चर्च स्क्वेअरवरचं कोर्ट बाहेरूनच बघितलं. २० एप्रिल १९६४ ला रिव्होनिया खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून मंडेला तासन्‌तास बोलले ते इथे. गोऱ्यांच्या वर्चस्वाशी लढलो आणि काळ्यांच्या वर्चस्वाशीही लढलो, सगळे बरोबरीने राहतील अशा समाजासाठी जगायचंय, वेळ आली तर त्यासाठी मरायची तयारी आहे, असा शेवट. फाशी होणार असं सगळे धरून चालले होते. १२ जूनला जन्मठेप झाली.

बुधवार, एन थ्रीवरून हॉविक

पहाटे निघालो. रस्ता मस्त, दोन्हीकडे पिवळं गवत आणि मधेच धुकं. आमच्या गाडीत नाश्त्याला थालीपीठ होतं हे नोंदवून ठेवते.

हॉविकजवळ जुन्या रस्त्यावर, आर १०३ वर, ५ ऑगस्ट १९६२ ला मंडेलांना पकडलं. शार्पव्हिलला १९६० मधे पासविरोधी निदर्शनांत पोलिसांनी ६९ माणसं मारली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, मंडेला भूमिगत झाले, हत्यारी लढ्याची संघटना काढली, गुपचूप आफ्रिकाभर आणि लंडनला फिरून आले. परत आल्यावर पक्षाचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुलींना भेटून डर्बनहून जोबर्गला निघाले होते. अंगात ड्रायव्हरचा पांढरा कोट, बरोबर गोरा नाट्यदिग्दर्शक सेसिल विल्यम्स. म्हणजे गोरा साहेब आणि काळा ड्रायव्हर, कुणाला संशय यायचं कारण नाही. पोलिसांची गाडी पुढे गेली आणि हात केला. पिस्तूल आणि वही दोन सीटच्या मधल्या फटीत कोंबली, नाव सांगितलं डेव्हिड मोत्सामायी. उपयोग झाला नाही.

आता तिथे शिल्प आहे, मार्को चियान्फानेलीचं, पन्नास उंच स्टीलचे खांब. पायवाटेने चालत जायचं. खांब जवळून बघितले तर नुसते वेडेवाकडे कापलेले पत्रे, काही कळत नाही. पस्तीस मीटरवर एका ठरावीक जागी उभं राहिलं की सगळे खांब जुळतात आणि मंडेलांचा चेहरा दिसतो, एका बाजूने, डोंगराकडे बघणारा. एक पाऊल डावीकडे सरकलं की फुटतो. अप्पा कितीतरी वेळ पुढे-मागे करत होते, मग एका शाळेच्या ट्रिपमधल्या पोरांना धरून जागेवर उभं करायला लागले, मराठीत, आणि पोरं ऐकत होती.

पुढे पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशन. ७ जून १८९३, गांधीजींना पहिल्या वर्गातून उतरवलं ते हे. लाल विटांचं देखणं स्टेशन, छोटी पाटी, वेटिंग रूम. फारसं कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत डर्बन गाठलं.

गुरुवार, डर्बन, इनांडा, मग विमान

बनी चाव खाल्लं. अर्धा पाव कोरून त्यात मटणाचा रस्सा. याची एक गोष्ट अशी सांगतात की काळ्या गिऱ्हाइकांना भारतीय हॉटेलात आत बसवायचे नाहीत, मग मागच्या दाराने असं पावात भरून द्यायचे. खरी असेल नसेल, पण ऐकल्यावर घास जरा फिरतो तोंडात.

दाराचीच अजून एक गोष्ट, ही मात्र पक्की. १८९० च्या दशकात डर्बनच्या पोस्टाला दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, एक ‘नेटिव्ह आणि एशियाटिक’ लोकांचं. गांधीजी आणि नाताळ इंडियन काँग्रेसने (नाताळ हा डर्बनचा प्रांत) अर्ज केला. मागणी काळ्यांबरोबर एका दाराने जायला लागू नये ही. आणि सरकारने तिसरं दार केलं! तेव्हाच्या गांधीजींनी काळ्यांबद्दल लिहिलेलं आज वाचवत नाही. नंतर माणूस बदलला, मंडेलांनीही त्यांना मानाने आठवलं, पण हे झाकायचं कशाला? अप्पांना हे आवडलं नाही, गाडीत अर्धा तास बोलले नाहीत माझ्याशी. मग म्हणाले, ‘‘अर्जाची प्रत असेल का कुठे?’’

इनांडाला ओहलांगे शाळा. जॉन दुबे, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष, त्यांनी काढलेली, त्यांची समाधी तिथेच. २७ एप्रिल १९९४ ला मंडेलांनी मत टाकलं ते इथे. वय पंच्याहत्तर, आयुष्यातलं पहिलं मत, आणि समाधीवर जाऊन दुबेंना सांगून आले की आज देश मोकळा झाला. निवडणूक म्हटल्यावर अप्पा सुटलेच, पेटी कुठे ठेवली होती, याद्या होत्या का, शाई कुठल्या बोटाला. तिथल्या बाईंनी सांगितलं की त्या वेळी मतदारयादी नव्हतीच, ओळखपत्र दाखवायचं, हाताला अदृश्य शाई लावायची आणि मत द्यायचं. यादीशिवाय निवडणूक! अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता.

रात्री केपटाउन.

शुक्रवार, रॉबेन आयलंड

बोट वॉटरफ्रंटवरून सुटते, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, थंडीत समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. आमची सुटली पण डोलत, अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मागे टेबल माउंटन आख्खा दिसत राहतो, आणि कैद्यांनाही तो तसाच दिसायचा.

आधी बस फिरवते. रॉबर्ट सोबुक्वे यांचं एकट्याचं घर. पासविरोधी आंदोलन यांनीच सुरू केलं होतं, त्याच दिवशी शार्पव्हिल झालं. शिक्षा संपली तरी सोडायचं नाही म्हणून ह्या एका माणसासाठी संसदेने कायद्यात कलम घातलं आणि सहा वर्षं इथे ठेवला, कुणाशी बोलायचं नाही. लांबून कैदी जाताना दिसले की तो मूठभर माती उचलून बोटांतून सोडायचा, आपण ह्या मातीचे अशी खूण.

मग चुनखडीची खाण. सहा महिने काम म्हणून सांगितलं आणि तेरा वर्षं चाललं. पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांत, गॉगल मागितले तर तीनेक वर्षं दिले नाहीत, मंडेलांचे डोळे कायमचे बिघडले. खाणीतल्या गुहेसारख्या खळग्यात जेवणाच्या सुट्टीत वर्ग चालायचे, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. खाणीच्या तोंडाशी दगडांचा ढीग आहे, १९९५ मधे सगळे जुने कैदी परत आले तेव्हा मंडेलांनी एक दगड ठेवला, मागोमाग बाकीच्यांनी.

जेलच्या आत गाइड म्हणून इथलाच जुना राजकैदी असतो. आमचे गाइड साठीचे, शांत बोलणारे. एका भिंतीवर जेवणाचा तक्ता आहे आणि अप्पांनी तो कमरेत वाकून, चष्मा वर करून, ओळन्‌ओळ वाचला. दोन रकाने. एक ‘कलर्ड आणि एशियाटिक’, दुसरा ‘बंटू’, म्हणजे काळे. पहिल्याला पाव, दुसऱ्याला नाही. पहिल्याला जाम, दुसऱ्याला नाही. चरबी एकाला जास्त, एकाला निम्मी. वजनासकट सगळं औंसात. त्याच जेलमधे, एकाच खटल्यातल्या, एकच शिक्षा झालेल्या माणसांना.

आणि कपडे. जून १९६४ च्या थंडीत रिव्होनिया खटल्यातले सात जण इथे उतरले, सहा काळे आणि अहमद कथराडा. (आठवा डेनिस गोल्डबर्ग गोरा, म्हणून त्याला प्रिटोरियाच्या गोऱ्या जेलमधे ठेवला, जन्मठेपसुद्धा वेगळी.) कथराडा गुजराती घरातले, वय चौतीस, ह्या सात जणांत सगळ्यांत लहान. त्यांना लांब पँट आणि मोजे मिळाले. मंडेला, सिसुलू, म्बेकी, घरदार, पोरंबाळं असलेली माणसं, त्यांना हाफ पँट. कारण काळा माणूस कितीही वयाचा झाला तरी त्याला ‘बॉय’ म्हणायचं. कथराडांना लाज वाटली, हे सगळं परत करावं असं मनात आलं. बाकीच्यांनी सांगितलं, अजिबात नको, तुझं काढून घेऊन बरोबरी होत नाही, आम्हाला वर आणून होते. पाव मात्र ते गुपचूप वाटून खायचे.

मंडेलांनी हाफ पँटवर आधी एकदा लढून बघितलं होतं, १९६२ मधे प्रिटोरियात. लांब पँट आणि वेगळं जेवण मिळालं, पण बदल्यात एकट्याला कोठडीत टाकलं, काही आठवडे माणसाशी बोलणं नाही. शेवटी म्हणाले, पँट घ्या परत, मला माणसांत पाठवा. रॉबेन आयलंडवर मग सगळ्यांना लांब पँट मिळेपर्यंत तीनेक वर्षं अर्ज, तक्रारी, संप चालले. अप्पा म्हणाले, ‘‘वकील होता ना. अर्ज कसा लिहायचा त्याला ठाऊक.’’

मंडेलांची कोठडी तीन पावलांत संपते. चटई, घोंगड्या, बादली. नंबर ४६६/६४, म्हणजे १९६४ सालचा ४६६ वा कैदी. सुरुवातीला सहा महिन्यांत एक पत्र, एक भेट. १९६८ ला आई गेली, १९६९ ला थोरला मुलगा थेंबी अपघातात गेला, दोन्ही वेळा मातीला जायला परवानगी दिली नाही.

गाइडनी सांगितलेली एक गोष्ट सांगते आणि हा दिवस संपवते. सनी वेंकटरत्नम नावाच्या कैद्याकडे शेक्सपिअरचा एकच जाडा खंड होता. पहारेकरी पुस्तकं काढून घेऊ लागले तेव्हा त्याने दिवाळीची भेटकार्डं, देवांची चित्रं असलेली, पुस्तकाच्या कव्हरला चिकटवली आणि सांगितलं, हा आमचा धर्मग्रंथ आहे. चाललं! मग ते पुस्तक कोठड्यांतून फिरलं आणि तीसेक जणांनी आपल्या आवडत्या ओळीपाशी सही केली. मंडेलांची सही १६ डिसेंबर १९७७ ची, ज्युलियस सीझरमधे, भित्रा माणूस मरायच्या आधी कितीदा तरी मरतो, त्या ओळीपाशी. आमच्या घरातली कार्डं आपण दिवाळी झाली की फेकतो.

शनिवार, केपटाउन आणि पार्ल

सकाळी डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम, जुन्या चर्चमधे. शहराच्या मधोमध सगळ्या रंगांच्या लोकांची वस्ती होती, ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर केली, साठ हजारांवर माणसं उचलून बाहेर वाळूत नेऊन टाकली आणि घरांवर बुलडोझर. जमिनीवर मोठा नकाशा आहे, माणसांनी स्वतः येऊन आपलं घर कुठे होतं ते लिहिलंय. बरोबर चोवीस वर्षांनी, ११ फेब्रुवारीलाच, मंडेला सुटले आणि इथून जवळच सिटी हॉलच्या गॅलरीत उभे राहून बोलले. लोक सकाळपासून थांबलेले, हे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि चष्मा जेलमधेच राहिला होता, विनीचा लावून भाषण वाचलं. गॅलरीत आता पुतळा आहे.

मधल्या काळात सरकारने तिसरं दार पुन्हा एकदा करून बघितलं होतं, १९८४ ला. संसदेत कलर्ड आणि भारतीयांसाठी वेगळी सभागृहं, काळ्यांना काहीच नाही. भारतीयांपैकी बहुतेकांनी मतदानाला जायचंच नाकारलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बोथांनी मंडेलांना हिंसा सोडली असं म्हणा आणि घरी जा अशी ऑफर दिली, तर नकाराचं पत्र धाकटी मुलगी झिंझीने सोवेटोच्या स्टेडियममधे वाचलं.

दुपारी पार्लजवळ, द्राक्षांच्या मळ्यांमधून, ज्या जेलच्या फाटकातून ते बाहेर आले तिथे. तेव्हाचं नाव व्हिक्टर व्हर्स्टर, आता ड्रेकेन्स्टीन. जेल अजून चालू आहे, आत जाता येत नाही, फाटकाबाहेर मूठ वर केलेला पुतळा आहे. शेवटचं वर्ष-सव्वा वर्ष त्यांना इथे कोठडीत नाही तर आवारातल्या बंगल्यात ठेवलं होतं, स्वयंपाकी, पोहायचा तलाव, सगळं. सरकारची बोलणी चालली होती ना.

आणि गंमत म्हणजे सुटल्यावर गावी, कुनूला, स्वतःचं घर बांधलं ते ह्या बंगल्याच्याच नकाशावर. लोकांनी तोंडात बोटं घातली, जेलचं घर कशाला? तर त्यांचं म्हणणं असं की आयुष्यात ऐसपैस म्हणावं असं पहिलं घर हेच मिळालं, आवडलं, आणि रात्री उठल्यावर स्वयंपाकघर शोधत फिरायला नको.

अप्पा फाटकाबाहेर उभे राहून यावर बराच वेळ हसले. मग दादाला विचारलं, ‘‘काय रे, ग्रामपंचायतीची परवानगी घेतली असेल ना?’’